परवाना कुठपर्यंत चालतो?

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुडा उभा आहे आणि त्याच डोंगरातून महाराष्ट्र आणि मध्यप्रदेशची हद्द जाते. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या माणसाला ही हद्द रोजच्या व्यवहारात जाणवत नाही. सोयरिकी बुऱ्हाणपूर-खकनार भागात, बाजारहाट तिकडे, लग्नकार्याला जाणे-येणे तिकडे. इतिहासानेही या दोन मुलखांना बराच काळ एकत्र ठेवले. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बुलढाणा आणि बुऱ्हाणपूरकडचा निमाड एकाच राज्यात होते. त्या राज्याचे नावच मध्यप्रदेश होते आणि राजधानी नागपूर. दुसऱ्या दिवशी राज्यांची पुनर्रचना अमलात आली, बुलढाणा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. आजोबांच्या हयातीत आखलेल्या अशा रेषेने आपले काय बिघडणार, असे लोकांना वाटते, आणि बहुतेक बाबतींत खरोखरच काही बिघडत नाही. शस्त्राच्या परवान्याचे मात्र बिघडते, आणि बिघडते ते फार महागात पडते. या भागात वकिली करताना परवानाधारकांचे कागद सतत हाताखालून जातात. त्यातले बहुसंख्य लोक प्रामाणिक असतात. परवाना खरा, शस्त्र नोंदवलेले, नूतनीकरण वेळेवर. गुन्हा दाखल होतो तो एवढ्यासाठीच, की निघण्याआधी परवान्यावरचा एक रकाना कोणी वाचलेला नसतो.

तो रकाना क्षेत्राचा. हा परवाना कोणत्या हद्दीत ग्राह्य आहे, ते तिथे लिहिलेले असते. कुठे जिल्ह्याचे नाव असते, कुठे राज्याचे, फार थोड्या परवान्यांवर संपूर्ण भारत. जिल्हा दंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी जो परवाना देतात, तो सर्वसाधारणपणे राज्याच्या हद्दीपलीकडे जात नाही. त्यापुढची क्षेत्रवाढ हवी असेल तर अर्ज राज्याच्या गृहविभागापर्यंत जावा लागतो आणि तिथेही ती मागेल त्याला मिळत नाही, कारण पटवावे लागते. माझे म्हणणे असे आहे की परराज्यात जाण्याआधी याची चौकशी करणे ही जास्तीची खबरदारी नव्हे. ज्या विश्वासावर परवाना मिळाला, त्या विश्वासाचाच तो भाग आहे. आणि चौकशी मनापासून केली तर दहापैकी आठ-नऊ वेळा उत्तर एकच येते: शस्त्र इथेच ठेवून जा.

यावर पहिला आक्षेप कायम ठरलेला असतो, आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. शस्त्र अधिनियम १९५९ हा केंद्राचा कायदा, १ ऑक्टोबर १९६२ पासून सगळ्या देशाला लागू. २०१६ चे शस्त्र नियमही केंद्राचेच. मग बुलढाण्यात दिलेला परवाना बुऱ्हाणपुरात का चालू नये? गाडी चालवण्याचा परवाना चालतो की! पण हीच तुलना आक्षेपाच्या उलट जाते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १३ मध्ये चालक परवाना संपूर्ण भारतात ग्राह्य असेल असे संसदेने स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. शस्त्र अधिनियमात असे वाक्य नाही. तिथे परवाना कोणी द्यायचा, किती क्षेत्रासाठी द्यायचा, कोणत्या अटींवर द्यायचा हे नियमांवर आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यावर सोपवले आहे. कायदा एक आहे म्हणून अधिकारही एकच आहे, असे होत नाही. परवाना देताना पोलीस अहवाल कोणाचा घेतात? अर्जदार राहतो त्या ठाण्याचा. धोका कुठला पाहतात? त्याच्या गावातला, शेतातला, धंद्यातला. शेतातल्या रानडुकरांसाठी पीकसंरक्षणाची बंदूक मंजूर झाली असेल, तर ती त्या शेतासाठी झाली. इंदूरच्या हॉटेलात तिचे काही काम नाही, आणि तिथल्या पोलिसांनी त्या माणसाची चौकशीही कधी केलेली नाही.

हद्द ओलांडल्यावर नेमके काय होते, हे स्पष्ट सांगायला हवे, कारण इथे लोकांचा अंदाज फार चुकतो. परवान्याच्या अटीचा भंग केला तर कलम ३० लागते. त्यात जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगले तर कलम २५ लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे झाली आहे. आता हद्दीबाहेर सापडलेल्या परवानाधारकाला कोणते कलम लावायचे? बचाव पक्ष म्हणतो, परवाना आहे, फक्त क्षेत्राची अट मोडली, म्हणून ३०. पोलीस म्हणतात, या क्षेत्रापुरता त्याच्याकडे परवानाच नाही, म्हणून २५. हा वाद शेवटी न्यायालयात आरोपीच्या बाजूने सुटूही शकतो. पण तो सुटायच्या आधी अटक झालेली असते, २५ चा गुन्हा अजामीनपात्र असल्याने जामिनासाठी धावपळ झालेली असते, शस्त्र मुद्देमाल म्हणून मालखान्यात गेलेले असते, आणि इकडे परवाना रद्द का करू नये अशी नोटीस निघालेली असते. परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याच्या, म्हणजे कलम ३ च्या भंगाच्या, खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते, पण तो दंडाधिकारी जिथे गुन्हा घडला तिथला. तारखाही तिथल्याच कोर्टात. बुलढाण्याच्या माणसाने वर्षानुवर्षे परजिल्ह्यात, परराज्यात तारखांना जायचे, ही शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नाही, तरी ती भोगावी लागते. निकालात सुटलेली माणसेही ती भोगूनच सुटतात.

काहींचा आक्षेप याहून खोलवरचा असतो. ते म्हणतात, स्वसंरक्षण हा नागरिकाचा हक्क आहे, हक्काला हद्द कशी? हा विचार या देशात नवा नाही आणि त्याला हलके लेखू नये. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले, याचा राग स्वातंत्र्यलढ्यात मोठा होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तोच हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. कामत हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे त्या सभागृहात तेव्हाच्या बुलढाण्याचेही. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. सरसकट सर्वांना शस्त्र बाळगू देणे शक्य नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि सभेने ती मान्य केली. घटनेच्या कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र. तेव्हा आपल्याकडे शस्त्र ही सवलत आहे, आणि सवलत देणाऱ्याला तिची हद्द ठरवता येते. स्वसंरक्षणाचा हक्क फौजदारी कायद्यात शाबूत आहेच. तो माणसाबरोबर कुठेही जातो. त्यासाठी बंदूक जवळ ठेवण्याची मुभा मात्र त्याच्याबरोबर आपोआप जात नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या एक धरल्यामुळेच पुष्कळ माणसे अडचणीत येतात.

अमेरिकेचे उदाहरण हल्ली फार दिले जाते, विशेषतः ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांच्याकडून. तिथे शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क आहे आणि २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगण्यालाही त्या हक्कात धरले. निम्म्याहून जास्त राज्यांत आता कपड्याखाली पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. आणि तरीसुद्धा, हे लक्षात घ्या, एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालेलच असे तिथेही नाही. काही राज्ये एकमेकांचे परवाने मानतात, काही मानत नाहीत. पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना असलेल्या एका महिलेला २०१३ मध्ये शेजारच्या न्यूजर्सीत अटक झाली. पोलिसांनी गाडी थांबवल्यावर शस्त्र जवळ आहे असे तिने आपण होऊन सांगितले होते. तिच्यावर अनेक वर्षांच्या सक्तीच्या कैदेची टांगती तलवार होती आणि अखेर २०१५ मध्ये गव्हर्नरच्या माफीने ती सुटली. तिथे प्रवाशासाठी १९८६ चा एक केंद्रीय कायदा आहे. ज्या दोन ठिकाणी शस्त्र बाळगणे वैध आहे, त्यांच्यामधल्या राज्यांतून शस्त्र रिकामे आणि हाताच्या आवाक्याबाहेर ठेवून पुढे जाता येते. म्हणजे ज्या देशाने शस्त्राला हक्क मानले, तिथेही निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा कायदा वाचावा लागतो. आपल्याकडे कायद्याचे पुस्तक एकच असल्यामुळे हे काम सोपे असायला हवे होते. लोक पुस्तकाच्या त्या एकपणावर विसंबतात आणि वाचतच नाहीत.

शस्त्र झाकून बाळगण्याबाबत तर दोन्हीकडचे विचार उलटे आहेत. अमेरिकेत ते लपवून नेण्याची परवानगी हा मुद्दा असतो. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेले असणे बंधनकारक आहे. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर असेल तर योग्य म्यानात, अंगाशी बांधलेले. बंदूक असेल तर तिच्यासाठी बनवलेल्या खोळीत. आणि ज्याच्याजवळ आहे त्याचा त्यावर पूर्ण ताबा हवा. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजणे किंवा उडवणे सक्त मना आहे. कमरेचे पिस्तूल दिसेल असा शर्ट खोचून लग्नात मिरवणारा माणूस स्वतःच्या राज्यातही अटभंगच करत असतो. वरातीत आनंदाने गोळी झाडणाऱ्यासाठी २०१९ पासून स्वतंत्र शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, मग त्या गोळीने कोणी जखमी होवो वा न होवो. उत्तरेकडच्या काही भागांत ही रीत आहे आणि तिकडच्या सोयऱ्यांच्या आग्रहाखातर इकडचा पाहुणा बंदूक घेऊन निघतो. त्याने निघू नये. मान राखण्याचे इतर पुष्कळ मार्ग आहेत.

चौकशी फक्त जागेची करून भागत नाही, वेळेचीही करावी लागते, आणि मला वाटते खरा घोळ इथेच होतो. मध्यप्रदेश विधानसभेची मागची निवडणूक ९ ऑक्टोबर २०२३ ला जाहीर झाली आणि १७ नोव्हेंबरला मतदान झाले. महाराष्ट्राची त्याच्या पुढच्या वर्षी, १५ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर होऊन २० नोव्हेंबरला मतदान. म्हणजे २०२३ च्या दिवाळीत जळगाव जामोदच्या बाजूला सगळे नेहमीसारखे होते आणि डोंगराच्या पलीकडे आचारसंहिता होती, नाके होते, गाड्या तपासल्या जात होत्या, परवान्याची शस्त्रे जमा करून घेण्याचे काम चालू होते. निवडणुकीत सगळ्यांची शस्त्रे सरसकट जमा करता येत नाहीत, प्रत्येक प्रकरण छाननी समितीने पाहावे, हे खरे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढच्या प्रकरणातून ही दिशा पक्की झाली. बँकांचे सुरक्षारक्षक आणि नेमबाज खेळाडूंना बहुधा सूटही असते. पण ती सूट ज्या जिल्ह्याच्या आदेशात आहे, त्या जिल्ह्यापुरती. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश सणावारांना, यात्रांना, मोर्च्यांच्या दिवसांत निघतात. सिंदखेडराजाचा १२ जानेवारी असो की सैलानीची होळीतली यात्रा, बंदोबस्त असतोच. मध्यप्रदेशात तो कायदा नाही, तिथले जिल्हा दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा आधार घेतात, जे १ जुलै २०२४ पूर्वी सर्वांना १४४ म्हणून माहीत होते. आदेश पंधरा दिवसांचा असू शकतो, एका तालुक्यापुरता असू शकतो. तो आपल्या गावात वाचायला मिळत नाही, तरी तो माहीत नव्हता हा बचाव उभा राहत नाही.

राज्याची हद्द दूरच राहिली, बुलढाण्यात जिल्ह्याच्या आतच अशी एक हद्द आहे जिचा विचार फारसा कोणी करत नाही. बुलढाणा ते खामगाव हा बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्रप्रकल्पाला जोडलेले आणि मध्यप्रदेशच्या हद्दीला भिडलेले. लोणारच्या सरोवराभोवतीही अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही. सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला अभयारण्यातून जाऊ देणारी तरतूद वेगळ्या कलमात आहे, पण शस्त्राच्या कलमात रस्त्याचा अपवाद लिहिलेला नाही. त्याच कायद्याचे कलम ३४ सांगते की अभयारण्यात आणि त्याच्या दहा किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे आपले नाव नोंदवायचे आहे, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या सहमतीशिवाय द्यायचा नाही. बुलढाणा, मोताळा, खामगाव, संग्रामपूर तालुक्यांतली कितीतरी गावे या परिघात येतात. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ शेकडो मैल चालून ज्ञानगंगेत येऊन थांबला, तेव्हापासून इथले वनकर्मचारी गाडीतल्या बंदुकीकडे पूर्वीपेक्षा कडक नजरेने पाहत असतील तर त्यात त्यांचे काही चुकत नाही. जवळच्या शहरात जाण्यासाठी जर एवढे वाचावे लागत असेल, तर परराज्याच्या वाटेवर किती वाचावे लागेल याचा अंदाज करता येईल.

या सगळ्यात ज्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त वाटते, ते माजी सैनिक. या जिल्ह्याने सैन्याला पुष्कळ जवान दिले. पस्तीस-चाळिशीत निवृत्त होऊन घरी आलेला जवान पेन्शनवर संसार भागवू शकत नाही. मग तो स्वतःची बारा बोअर घेऊन बँकेत, एटीएमच्या रोकड गाडीवर किंवा एखाद्या एजन्सीमार्फत सुरत, इंदूर, हैदराबादला गनमन म्हणून जातो. त्याचा प्रश्न थेट असतो: सरकारने मला सीमेवर रायफल दिली, आता माझ्याच बंदुकीवर विश्वास नाही? प्रश्नातला दुखावलेपणा खरा आहे. पण नोकरीतली रायफल सरकारची होती, ती कर्तव्यावर होती, तिला परवान्याची गरजच नव्हती. निवृत्तीनंतरची बंदूक त्याची स्वतःची आहे आणि तो आता नागरिक आहे. परवान्याच्या अटींत आणखी एक गोष्ट असते: मुक्काम कायमचा हलला, किंवा शस्त्रासह सलग तीस दिवसांपेक्षा जास्त काळ दुसरीकडे राहायचे झाले, तर नव्या जागेच्या आणि जुन्या अशा दोन्ही परवाना प्राधिकाऱ्यांना तीस दिवसांत कळवायचे. नोकरी लागली की एजन्सी हे सांगत नाही. बँकेच्या किंवा कंपनीच्या नावावर शस्त्र असेल तर ते बाळगणाऱ्याचे नाव त्या परवान्यावर चढलेले असावे लागते, हेही कोणी तपासत नाही. प्रकरण झाले की एजन्सी दुसरा गनमन पाहते आणि हा माणूस परक्या गावात एकटा पडतो. त्यात जम्मू-काश्मीरचे प्रकरण आले. तिथल्या काही जिल्ह्यांतून २०१२ ते २०१६ या काळात दोन लाख ७८ हजारांहून अधिक परवाने नियमबाह्य दिले गेल्याचा आरोप आहे आणि त्याचा तपास सीबीआयकडे गेला. तिथे नेमणुकीवर असताना रीतसर परवाना काढलेले जवान देशभर आहेत आणि आता त्यांच्या खऱ्या कागदाकडेही प्रत्येक नाक्यावर संशयाने पाहिले जाते. अशा माणसाने तर परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात आहे का, त्यावर विशिष्ट ओळख क्रमांक आहे का, आणि आपल्या आजच्या जिल्ह्यात त्याची नोंद झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय घराबाहेर शस्त्र काढू नये.

मग माणसे चिडून विचारतात: पाचोरीचे काय? उमर्टीचे काय? बुऱ्हाणपूर आणि बडवानी जिल्ह्यांतल्या या गावांची नावे महाराष्ट्राच्या पोलिसांच्या कागदांत वारंवार येतात, गावठी पिस्तुले तिथून सातपुडा उतरून खाली येतात, आणि ज्याच्या कमरेला ती असतात त्याने कोणता रकाना वाचलेला असतो? बेकायदा शस्त्रे मोकाट आणि कायद्याने चालणाऱ्यालाच जाच, हा काय न्याय? मला हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. तरीही तो मला पटत नाही, उलट माझ्याच बाजूचा वाटतो. सातपुड्याच्या रस्त्यांवर नाकाबंदी होते ती याच पिस्तुलांमुळे. तिथल्या हवालदाराला गाडीत शस्त्र सापडले की त्याच्या डोक्यात आधी ती पिस्तुले येतात. कलम १९ प्रमाणे परवाना मागण्याचा त्याला अधिकार आहे. अशा वेळी आपण त्या टोळीतले नाही हे दाखवायला प्रामाणिक माणसाकडे फक्त कागद असतो: मूळ परवाना, त्यावरचा शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची मर्यादा आणि ग्राह्य क्षेत्र. तो उभा आहे ती जागा त्या क्षेत्रात बसली नाही, तर हवालदाराच्या नजरेने दोघांतला फरक तेवढा कमी झाला. बेकायदा धंद्यावर कारवाई व्हायलाच हवी आणि ती दोन्ही राज्यांनी मिळून करायला हवी. पण ती होईपर्यंत परवानाधारकाने आपला कागद अधिक स्वच्छ ठेवायला हवा.

"धोका हद्द पाहून येतो का?" असेही विचारले जाते. येत नाही. रोकड किंवा सोने घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला रस्त्यात धोका आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच क्षेत्रवाढीची सोय ठेवली आहे आणि असे सबळ कारण ज्याच्याकडे आहे त्याने ती मागावी, पुराव्यानिशी मागावी, प्रवासाच्या कितीतरी आधी मागावी. पण ज्याचे कारण फक्त सवय आहे, त्याने प्रवासातल्या गैरसोयी मोजाव्यात. गाडीत शस्त्र असताना त्याला शौचालयाला जातानाही ते सोडता येत नाही, हॉटेलच्या खोलीत ठेवता येत नाही, देवळात नेता येत नाही, ज्या सोबत्याचे नाव परवान्यावर नाही त्याच्या हाती देता येत नाही. विमानाने जायचे तर ते रिकामे करून, कंपनीला आधी जाहीर करून, सामानात द्यावे लागते. शस्त्र घरी ठेवून निघालेल्यांनाही बॅगेच्या कप्प्यात राहिलेले एखादे काडतूस विमानतळाच्या यंत्रात दिसते आणि गुन्हा दाखल होतो. ताबा हा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच गुणवंतलाल विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या निकालात सांगून ठेवले आहे आणि त्याच आधारावर अशी पुष्कळ प्रकरणे पुढे उच्च न्यायालयांत रद्द होतात. पण उच्च न्यायालयापर्यंत जाण्याचा खर्च सर्वांना झेपत नाही. बॅग नवी घ्यावी, निदान उलटी करून झाडून घ्यावी.

राहता राहिली एक तक्रार, ती मात्र मी मान्य करतो. हे सगळे शोधण्याचे ओझे एकट्या नागरिकावर का? शेतकऱ्याने किंवा निवृत्त हवालदाराने शस्त्र अधिनियम, शस्त्र नियम, वन्यजीव कायदा, दोन राज्यांचे मनाई आदेश आणि निवडणुकीची वेळापत्रके स्वतः वाचावीत, ही अपेक्षा जास्त आहे. परवाना नव्याने देताना किंवा दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना ग्राह्य क्षेत्र म्हणजे काय, हद्द ओलांडल्यास कोणते कलम लागते, क्षेत्रवाढीचा अर्ज कुठे द्यायचा आणि शस्त्र तात्पुरते कुठे जमा करायचे, एवढे एका पानावर सोप्या मराठीत छापून द्यायला शासनाला काहीच अवघड नाही. सीमेवरच्या तालुक्यांत ते हिंदीतही द्यावे. शेजारच्या जिल्ह्याचे शस्त्रबंदी आदेश सीमेवरच्या ठाण्यांत लावावेत. गनमन पुरवणाऱ्या एजन्सीने परराज्यात माणूस पाठवण्याआधी त्याच्या परवान्याचे क्षेत्र तपासले नाही, तर तिलाही जबाबदार धरावे. हे होईपर्यंत परवानाधारकांना माझे सांगणे एवढेच आहे. निघण्याच्या आधी परवाना उघडून क्षेत्राचा रकाना वाचा. त्यात जायचे राज्य नसेल, तर शस्त्र आपल्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, आणि मोकळ्या हाताने प्रवासाला जा. राज्य लिहिलेले असेल, तरी जिथे उतरणार तिथल्या पोलीस ठाण्यात मनाई आदेश चालू आहे का ते आधी विचारा. आणि कोणी सांगितले की आजवर कधी कोणी अडवले नाही, तर त्याच्या बोलण्यावर विसंबून डोंगर ओलांडू नका.